पंधरा टॅब, अठरा हजार रुपये आणि पेनांची निवड

पत्र

आदरणीय ताई,

जावळी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते सातवीचे वर्ग आहेत, पट ६२. गावच्या मुंबईकर मंडळाने गेल्या वर्षी दहा इंची पडद्याचे १५ अँड्रॉइड टॅब दिले. आता त्यावर लिहायच्या पेनांसाठी मंडळ १८,००० रुपये देतंय. साताऱ्यातल्या दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. रबरी टोकाचं ६० रुपयांचं, जाळीच्या टोकाचं १५० चं आणि बारीक टोकाचं, चार्जिंगचं १,१०० चं. मंडळाचे एक सदस्य म्हणतात, "माझी मुलगी आयपॅडवर वहीत लिहावं तसं लिहिते. तसलीच पंधरा घ्या, पैसे कमी पडले तर बघू." मुख्याध्यापकांनी निवड माझ्यावर सोपवली आहे. पहिली-दुसरीच्या मुलांचं अक्षर याने बिघडेल का, ही धास्ती वाटते. चौथीत दोन मुली डावखुऱ्या आहेत. पाचवीत एका मुलाच्या बोटांत जोर नाही, पेन्सिल धरली की निसटते. काय घेऊ?

— एक शिक्षिका

उत्तर

नमस्कार बाई,

चार्जिंगची पंधरा पेनं घेऊ नका, आणि आयपॅडवाली तर एकही नको. जाळीच्या टोकाची अठरा घ्या आणि चार्जिंगची फक्त तीन. त्या तिनांतलं पहिलं पाचवीतल्या त्या मुलाच्या हातात द्या. हे का, ते जरा सविस्तर सांगते, कारण मंडळाच्या बैठकीत हे सगळं तुम्हालाच पटवून द्यावं लागणार आहे.

२०११ साली सरकारने 'आकाश' टॅब आणला होता, तो तुमच्या मुख्याध्यापकांना आठवत असेल. त्याचा पडदा दाब ओळखायचा. नखाने, पेनाच्या टोपणाने, कशानेही दाबलं तरी चालायचं. तुमच्या टॅबचा पडदा तसा नाही. त्याच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी आहे आणि त्या जाळीभोवती अगदी सौम्य विद्युतक्षेत्र असतं. आपलं शरीर विजेचं वाहक आहे. बोट जवळ आलं की तिथलं क्षेत्र बदलतं आणि स्पर्श झाला हे टॅबला कळतं. लाकडी पेन्सिल टेकवून पाहा, काहीच होणार नाही.

रबरी आणि जाळीच्या टोकाच्या पेनात ना बॅटरी असते ना यंत्र. ते पेन म्हणजे लांब केलेलं बोट. म्हणूनच त्याचं टोक जाड ठेवावं लागतं. जाळीतल्या दोन पट्ट्यांमध्ये साधारण चार-पाच मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे सुईसारखं टोक टेकलं तरी पडद्याला त्याची दखल घेता येत नाही. आणि म्हणूनच त्या पेनाची दांडीही वाहक असावी लागते. मुलाच्या हातापासून दांडीतून टोकापर्यंतची वाट मोकळी राहिली पाहिजे.

ही वाट आपणच बंद करतो, बाई. मी स्वतः केली आहे. शाळेत पेनं आली, हरवू नयेत म्हणून मी प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी लावली आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली, नेमकी बोटं धरतात त्या जागी. दुसऱ्या दिवसापासून पेनं मध्येच उठेनाशी झाली. आम्ही दुकानदाराला दोष दिला, अर्धी पेनं परत केली. चिकटपट्टी काढल्यावर उरलेली पेनं धड चालू लागली तेव्हा कारण कळलं. तुम्ही नंबर टाकायचाच असेल तर दांडीच्या अगदी मागच्या टोकाला नेलपॉलिशचे ठिपके द्या. एक ठिपका, दोन ठिपके, रंग बदलून पुन्हा एक. पहिलीच्या पोरालाही ते वाचता येतं.

रबरी आणि जाळीच्या टोकात मी जाळीची बाजू घेते. रबर काचेवर ओढलं जातं, आणि तुमच्याकडच्या दमट हवेत तर चिकटतंच. मुलं दाबून लिहितात, मग महिन्या-दोन महिन्यांत टोकाला चीर पडते. जाळी वाहक धाग्यांची विणलेली असते. ती घसरते छान आणि टिकतेही जास्त. चौथा एक प्रकार तुम्हाला कुणी दाखवेल, बारीक टोकाखाली पारदर्शक चकती असलेला. मोठ्या माणसाला तो आवडतो, कारण रेघ कुठे उमटतेय ते चकतीतून दिसतं. मुलांच्या हाती चकती मोडते किंवा निघून हरवते, आणि पेन फार तिरकं धरलं की तिची कड उचलली जाते. शाळेसाठी नको.

आता खरी अडचण. दुकानात ती कधीच दिसत नाही, कारण दुकानात आपण उभ्याने दोन रेघा ओढतो आणि "हो, चालतंय" म्हणतो. वर्गात मूल बसून लिहितं आणि लिहिताना तळहात टेकतं. वहीवर हात टेकवायलाच तर आपण त्याला शिकवलेलं असतं. टॅबला मात्र हा तळहात दुसरा स्पर्श वाटतो. पान सरकतं, चित्र एकदम मोठं होतं, नको तिथे रेघ उमटते. दोन-तीनदा असं झालं की मूल काय करतं पाहा. मनगट उचलून अधांतरी लिहायला लागतं. खांदा वर जातो, बोटं पेन आवळतात आणि दहा मिनिटांत हात भरून येतो. मुलं हे बोलून दाखवत नाहीत. "बाई, झालं" म्हणून टॅब बाजूला सारतात.

आणि इथेच मंडळाला नीट समजावून सांगा, कारण १,१०० रुपयांच्या पेनानेही हे दुखणं जात नाही. त्या पेनात बॅटरी असते. टोकातून ते स्वतः विद्युत संकेत सोडतं, म्हणून टोक दीड-दोन मिलिमीटरचं असलं तरी पडद्याला कळतं. अक्षर त्यामुळे रेखीव येतं, हे खरं. पण तुमच्या टॅबच्या लेखी तेही बोटच. पेन कोणतं आणि तळहात कोणता, हा भेद त्याला करता येत नाही. खोक्यावर 'पाम रिजेक्शन', म्हणजे तळहाताकडे दुर्लक्ष करण्याची सोय, असं छापलेलं असलं तर खालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा तिथे '२०१८ आणि नंतरच्या आयपॅडसाठी' असं लिहिलेलं असतं. तसली पेनं अँड्रॉइड टॅबवर एक तर चालतच नाहीत, किंवा त्यांची ही सोय तिथे लागू होत नाही. ॲपमध्ये 'फक्त पेनने लिहा' अशी खूण असते, तीही इथे निरुपयोगी. ती लावलीत तर ॲप पेनालाच बोट समजून गप्प बसेल.

त्या सदस्यांची मुलगी वहीत लिहावं तसं लिहिते ते आयपॅडमुळे. ॲपलने २०१५ साली मोठ्या, महागड्या आयपॅडसोबत आपलं पेन आणलं आणि २०१८ मध्ये साध्या आयपॅडलाही ती सोय दिली. तिथे पडदा आणि पेन एकमेकांशी बोलतात, म्हणून तळहात टेकला तरी टॅब त्याकडे दुर्लक्ष करतो. सॅमसंगची तऱ्हा वेगळी. त्यांच्या काही टॅबमध्ये पडद्याखाली पेनासाठी आणखी एक थर असतो. तो चुंबकीय क्षेत्राने पेनाला शक्ती पुरवतो, त्यामुळे पेनात बॅटरीही लागत नाही. २०२० साली आलेल्या गॅलॅक्सी टॅब एस६ लाइटच्या खोक्यातच असं पेन होतं. पण हा थर कारखान्यातच बसवलेला असावा लागतो. नसेल तर कितीही भारी पेन आणलं तरी तो पडदा त्याला ओळखणार नाही. म्हणून आधी टॅबच्या मागचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसमोर पेनाचा किंवा 'यूएसआय' या अक्षरांचा उल्लेख आहे का ते पाहा. यूएसआय हे अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेलं मानक आहे. ते मुख्यतः क्रोमबुकवर, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर दिसतं, काही अँड्रॉइड टॅबवरही असतं. तुमच्या टॅबला यातलं काही असेल तर माझा हिशेब बाजूला ठेवा आणि त्याच जातीची पेनं घ्या, भले संख्येने कमी आली तरी. नसेल, आणि दानात आलेल्या टॅबला बहुधा नसतंच, तर मंडळाला एवढं सांगून ठेवा की पुढच्या वेळी टॅब देतानाच पेनाची सोय असलेले द्या, पंधराऐवजी आठ मिळाले तरी चालतील.

तोवर तळहाताचं काय? मला कामाला आलेला उपाय सांगते. जुन्या दप्तराच्या पाठीत फोम असतो, त्याची बोटभर जाड आणि वीतभर लांब पट्टी कापायची. वर सुती कापड शिवायचं. मूल त्या पट्टीवर हात टेकतं, पट्टी सरकवत लिहितं. कातडी काचेपासून इतकी लांब राहिली की पडद्याला हात जाणवत नाही. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून अशा पंधरा पट्ट्या एका दुपारात होतील. पातळ रुमाल मात्र पुरत नाही, त्यातून स्पर्श लागतो. शिवाय सलग दहा मिनिटांवर लिहायला लावू नका.

खरेदीला जाताना शाळेचा टॅब सोबत न्या, कव्हरसकट आणि वरची संरक्षक काच न काढता. जाड काचेखालून साध्या पेनाचा स्पर्श क्षीण होतो, तो तिथेच कळू दे. इंग्रजी एबीसी लिहून पाहू नका. 'कृष्णा' लिहा, 'वेण्णा' लिहा, 'महाराष्ट्र' लिहा, आणि मुलं वहीत लिहितात त्याच आकाराचं लिहा. आपल्या लिपीत वर मात्रा, वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. जाड टोकाखाली हे सगळं झाकलं जातं आणि ट्र चा गोळा होतो. त्यावरून मुलांनी किती मोठं लिहायचं, पानावर किती ओळी बसवायच्या ते तुम्हाला ठरवता येईल. मग पट्टी धरून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. चार्जिंगच्या पुष्कळ पेनांची सावकाश तिरकी रेघ नागमोडी येते. भूमितीला असं पेन कुचकामी. जे पेन कमी नागमोड काढेल ते घ्या, मग टोक थोडं जाड का असेना. आणि हे करताना टॅब चार्जिंगला लावलेला नसावा. हलक्या चार्जरमधून येणाऱ्या विद्युत गोंगाटाने पडदा भरकटतो, आपोआप ठिपके उमटतात आणि दोष पेनावर जातो. वर्गातही हाच नियम ठेवा.

तिन्ही प्रकारांचं एकेक पेन आधी आणून आठवडाभर मुलांना वापरू दिलंत तर फारच उत्तम. दुकानदाराला तसं सांगा, पंधरा-वीस पेनांच्या गिऱ्हाइकाला तो नाही म्हणणार नाही.

पहिली-दुसरीबद्दल माझं मत ठाम आहे. त्यांना हे पेन देऊच नका. अक्षर शिकताना मुलाला हाताखाली घर्षण हवं. पाटीवर पेन्सिल खरखरते, कागदावर शिसं अडतं, त्या अडण्यातून बोटांना कळतं की आता वळायचं, आता थांबायचं. गुळगुळीत काचेवर ते काहीच कळत नाही. त्यातून जाड टोकाने स्वतःचीच रेघ झाकली, तर मूल 'ळ' कुठून सुरू केला हेच विसरतं. त्यांना पाटी द्या, रांगोळीत आणि वाळूत अक्षरं गिरवू द्या. टॅबवर चित्र रंगवायचं असेल तर बोट आहेच. तिसरीपासून पुढे आठवड्यात दोन-तीन वेळा पेन हाती दिल्याने अक्षर बिघडेल असं मला वाटत नाही. वही सुटली तर मात्र नक्की बिघडेल. शिष्यवृत्तीची परीक्षा कागदावरच द्यायची आहे, हे पालक सभेतही सांगा, म्हणजे टॅब आले म्हणून घरी वह्या बंद होणार नाहीत.

मग पेनाचा उपयोग कुठे? वहीत जे जमत नाही तिथे. महाराष्ट्राचा कोरा नकाशा टॅबवर घ्या, मुलांना कृष्णा, भीमा, गोदावरी काढू द्या. चुकली तर पुसायची, पुन्हा काढायची, कागद फाटत नाही. ज्या मुलाची वही खाडाखोडीने भरलेली असते ते मूल इथे चार वेळा प्रयत्न करतं, हे मी पाहिलं आहे. फुलाच्या फोटोवर बाण काढून पाकळी, पुंकेसर अशी नावं देणं, त्रिकोणातले कोन रंगवणं, स्वतःच्या उत्तराचा फोटो काढून त्यातल्या चुका स्वतः शोधणं, हेही छान जमतं. जीबोर्ड या गूगलच्या टायपिंगच्या ॲपमध्ये मराठी हस्ताक्षराचा कळफलक चालू करता येतो. मुलाने पडद्यावर हाताने शब्द लिहिला की तो छापील अक्षरांत उमटतो. जोडाक्षर चुकलं तर भलताच शब्द येतो आणि मुलं हसत हसत पुन्हा लिहितात. शुद्धलेखनाचा इतका आनंदी तास मी दुसरा पाहिला नाही.

डावखुऱ्या दोघींना बाकाच्या डाव्या कडेला बसवा, म्हणजे शेजारणीचा कोपर लागणार नाही. त्यांचा तळहात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून सरकतो, त्यामुळे फोमची पट्टी त्यांना सगळ्यांत जास्त लागेल. टॅब वहीसारखा थोडा उजवीकडे कलता ठेवू द्या. ॲपमध्ये साधनांची पट्टी दुसऱ्या बाजूला नेता येत असेल तर न्या. पेन टॅबला दोरीने बांधणार असाल तर त्या दोन टॅबना डावीकडून बांधा. हात बदलायला कुणी सांगितलं, घरच्यांनी किंवा वरिष्ठांनी, तर तुम्ही त्या मुलींच्या बाजूने उभ्या राहा.

आता पाचवीतला मुलगा. बोटांत जोर नसलेल्या मुलाला जाड, मऊ मूठ लागते. साध्या पेनावर फोमची नळी चढवली की हाताचा आणि दांडीचा संबंध तुटतो, पेन मुकं होतं. चार्जिंगचं पेन संकेत स्वतः सोडतं, त्याला हाताची गरज नाही. त्यावर हवी तेवढी जाड मूठ चढवा, जुनी पाइपची फोमनळी, सायकलच्या हँडलचं कव्हर, मऊ चेंडूला भोक पाडून आत पेन, काहीही. फक्त बटण आणि चार्जिंगचं भोक मोकळं राहू द्या. त्याला पेन दाबावंही लागत नाही, नुसतं टेकवलं की रेघ उमटते. पेन्सिलीने हे त्याला कधीच दिलं नसेल. बाकीच्या मुलांसाठी १,१०० रुपये ही चैन आहे, त्याच्यासाठी ते लिहिण्याचं साधन आहे. दुसरं पेन त्याच्यासाठीच राखीव ठेवा, चार्ज केलेलं, म्हणजे एक बंद पडलं तर त्याचा तास बुडणार नाही. तिसरं तुमच्या स्वतःसाठी, टॅब टीव्हीला जोडून शिकवताना. तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांनाही एकदा बोलावून त्याची पकड दाखवा, मूठ किती जाड हवी ते त्यांना चांगलं कळेल. तो टेबलापुढे कसा बसतो, कोपर टेकतो का, हेही त्यांच्याकडून पाहून घ्या.

पैशांचा हिशेब असा होतो. जाळीची अठरा पेनं २,७०० रुपये, चार्जिंगची तीन ३,३००, मिळून ६,०००. उरतात १२,०००. त्यातून पंधरा टॅबना मागे टेका देणारी मजबूत कव्हरं घ्या. सपाट बाकावर वाकून लिहिण्यापेक्षा थोड्या उतारावर मान सुखात राहते. जे शिल्लक राहील ते टोकांसाठी बाजूला ठेवा, टोकं झिजणारच. ज्या पेनाचं टोक बदलता येत नाही ते स्वस्त असलं तरी घेऊ नका. सुटी टोकं मात्र तुमच्या कपाटात, कुलपात. लहान मूल ती तोंडात घालू शकतं. याच कारणाने बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारं पेन शाळेत आणूच नका. तो सेल गिळला गेला तर जिवावर बेततं.

सुताराकडून एक लाकडी ठोकळा करून घ्या, एकवीस भोकांचा. तास संपला की पेनं ठोकळ्यात आणि रिकामं भोक लगेच दिसतं. खिशाला अडकवायची क्लिप असलेली पेनं नकळत घरी जातात, मुलांना चोर म्हणायची वेळ आपणच आणतो. तासाआधी काच सुक्या मऊ कापडाने पुसायची, खडूच्या धुळीचा कण टोकाखाली आला की ओरखडा उठतो. पावसाळ्यात मुलं ओल्या हातांनी येतात. पाण्याचा थेंबही पडद्याला स्पर्श वाटतो, म्हणून दाराशी एक टॉवेल असू द्या. उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी तिन्ही चार्जिंगची पेनं अर्धी चार्ज करून ठेवा. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी दीड महिना तशीच पडली की पुन्हा उठेलच याचा भरवसा नसतो.

मंडळाला पत्र लिहाल तेव्हा त्या मुलाचं नाव घालू नका, पण चार्जिंगची तीन पेनं कशासाठी आहेत ते स्पष्ट लिहा. आणि बाकी काही ठरायला वेळ लागला तरी त्याचं एक पेन या आठवड्यातच आणा. मूठ त्याच्या हाताच्या मापाने करायची आहे, तर साताऱ्याहून फोमनळी आणताना दोन-तीन जाडीची आणा आणि कोणती बरी वाटते ते त्यालाच विचारा.

तुमची,
ताई